लाल टाचणी

आमचं आडनाव लावणारे आता दोघंच उरलो आहोत: मी आणि माझी आत्या. लग्नाच्या भानगडीत दोघंही पडलो नाही. आमच्यामागे हे नाव संपणार, म्हणून ते कुठंकुठं नांदलं हे आम्ही चर्चच्या जुन्या नोंदवह्यांत धुंडाळतो. सापडलं की भिंतीवरच्या नकाशात त्या गावी टाचणी टोचायची. दफनाला काळी, बाप्तिस्म्याला लाल.

हल्ली सकाळी नकाशात एखादी लाल टाचणी जास्तीची दिसते. आम्ही न टोचलेली. त्या गावी जावं, तर आडनाव हमखास सापडतं!

"फुकटचा मदतनीस मिळालाय, नाक मुरडू नकोस," आत्या म्हणते. मग आम्ही डबे भरतो आणि बेसूर गात निघतो. इतकी मजा आयुष्यात केली नव्हती.

आज नकाशात नवी टाचणी नव्हती. ती आमच्याच अडगळीच्या खोलीच्या दारावर होती.

"आत्या, आपल्या घरात कुणाचा गं बाप्तिस्मा?"

आत्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मीही हसलो. मग ती थांबली, मीही थांबलो.

दारामागचं बाळाचं खिदळणं मात्र चालूच राहिलं.