जीपचा दम कोंडला

एटापल्लीत रामाजी मिस्त्रीच्या गॅरेजसमोरच बुधरीनं आपलं गॅरेज टाकलं, तवापासून त्याच्या पोटात दुखून राह्यलं होतं. आज तर सुकलूची जुनी जीप बुधरीच्या दारात उभी! बारा वर्षं त्या इंजिनाले रामाजीशिवाय कोणाचा हात लागला नोता. ऑइल मोजाच्या डिपस्टिकच्या भोकातून ऑइल उडून राह्यलं होतं, अन् "इंजिन गेलं, सारं खोलून सिलिंडर बोर करा लागते," असं रामाजीनं कालच सांगतलं होतं. पोरीची फजिती पाहाले तो रस्ता ओलांडून आला.

"काऊन वं पोरी, आयटीआयच्या वहीत पाहून सांगशीन का?"

बुधरीनं चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उलटं ठेवलं. ते टणाटणा नाचाले लागलं. मंग तिनं इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा ब्रीदर पाइप काढला, तसं झाकण चूप बसलं.

"इंजिन चांगलं हाये, रामाजीभाऊ. नुसता दम कोंडला त्याचा." तिनं पाइपात तार घातली.

रामाजीले घाम फुटला. सारवलेल्या आंगणात या पाइपातून ऑइल टपकते म्हणून दिवाळीत सुकलूची बायको बोंबलली होती. तवा रामाजीनंच आपल्या बायकोच्या, केसरबाईच्या, हिरव्या पातळाचं फडकं त्या पाइपात कोंबलं होतं. अन् ते पातळ साऱ्या गावाच्या वळखीचं.

"काय निघालं वं?" सुकलूनं बोनेटमागून इचारलं.



"कुंभारमाशीचं घर होतं, सुकलूभाऊ," बुधरी म्हणाली, अन् हिरवी मूठ हळूच रामाजीच्या खिशात रिकामी केली.