सफरचंदाखालची जागा

"मेलेल्या पोरीला सात मुलं कशी होतील, पेल्टनबाई?" डोरिसनं जुन्या वहीवर बोट ठेवलं. "ही थँकफुल सतराशे एक्केचाळीसमध्ये वारली. दोन वर्षांची होती."

समोर बसलेल्या, त्याच नावाच्या थँकफुल पेल्टनला हसू आलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांत हा प्रश्न तिला अनेकांनी विचारला होता.

"खालची ओळ वाच. त्रेचाळीसमध्ये दुसरी मुलगी झाली, तिचंही नाव थँकफुल. आमच्याकडे नाव वाया घालवत नसत. एक पोर गेलं की पुढच्याला तेच."

"अंगावर काटा येतो हो."

"तुला येतो. त्यांना बरं वाटायचं. हाक मारायला कुणीतरी असायचं."

डोरिस गावच्या कचेरीत दप्तर सांभाळायची. सकाळपासून दोघी तळघरात बसल्या होत्या. पेल्टनांच्या दफनभूमीत आता एकच जागा उरली होती, सफरचंदाच्या झाडाखाली, आईच्या शेजारी. नियम जुना होता: घराण्याच्या मूळपुरुषाचं, पहिल्या जोसाया पेल्टनचं रक्त असेल त्यालाच तिथं माती मिळणार. दफनभूमीच्या समितीला उद्यापर्यंत प्रत्येक पिढीचा दाखला हवा होता. नाही दिला तर जागा चुलतभाऊ रॉयलला.

"रॉयल तर फ्लोरिडात राहतो," डोरिस म्हणाली.

"जिवंतपणी. मेल्यावर मात्र त्याला बरोबर गाव आठवणार."

त्या जागेवर दगड नव्हता. पण दर वसंतात आई गुडघे टेकून तिथला पालापाचोळा वेचायची. लहानगी थँकफुल कुंपणाशी उभी राहून बघायची. आत पाऊल टाकलं की आई ओरडायची. एकदा तिनं विचारलं, ही जागा कुणाची? "थँकफुलची," आई म्हणाली, आणि पुढं दिवसभर बोलली नाही. आपल्या मरणाची सोय आई इतक्या लवकर करते, याची तेव्हा तिला भीती वाटली होती. पुढं त्याचाच आधार वाटू लागला.

दुपारपर्यंत सगळे दाखले जुळले. शेवटी १९२१ ची वही निघाली. एसा आणि लोव्हिना पेल्टन यांना मुलगी, नाव थँकफुल, तीन मार्च.

"झालं की. या तुम्ही," डोरिस म्हणाली. "आणि लोक म्हणतात तुम्ही वयापेक्षा थोराड दिसता."

"पहिलीत मी सगळ्यांत उंच होते. बुटांच्या नाड्या बांधता येणारीही मी एकटीच. मला आठवतं त्यातलं सगळ्यात जुनं म्हणजे एक घोडागाडी. थंडी, लांबचा रस्ता, शेवटी आमच्या घराचं दार, आणि बाह्या अपुऱ्या पडणारा लाल कोट. आई म्हणायची, तुला स्वप्न पडलं असेल."

"आता एवढंच राहिलं. त्या जागी आधी कुणाला पुरलेलं नाही, असं मला लिहून द्यायचंय. मृत्यूंच्या वहीत एक नजर टाकते."

डोरिस पानं उलटू लागली. १९२२. १९२३. मग तिचा हात थांबला. तिनं वही हळूच मिटली.

"बाई, उद्या सकाळी याल? माझं डोकं चढलंय."

"बैठक सकाळीच आहे."

"मी लिहून देते तुम्हाला जागा रिकामी आहे म्हणून. सही करते. मग तर झालं?"

"न बघता?"

डोरिसनं वहीवर दोन्ही हात ठेवले होते. "तुम्ही चांगलं आयुष्य जगलात, पेल्टनबाई. काही पानं नाही उघडली तर काही बिघडत नाही."

"रॉयलनं उद्या हेच पान उघडलं तर? दे इकडे."

डोरिसनं हात काढले, पण मान वर केली नाही. थँकफुलनं चष्मा पुसला, १९२४ उघडलं आणि ओळीखाली बोट सरकवत, शाळेत वाचायची तसं मोठ्यानं वाचलं.

"अकरा फेब्रुवारी. थँकफुल पेल्टन, एसा आणि लोव्हिना यांची एकुलती एक मुलगी. जन्म तीन मार्च १९२१. घटसर्प. दफन सफरचंदाच्या झाडाखाली."