बांबूपलीकडचं घर

"घर सापडायला सोपं आहे," ख्रिस्ती मंडळीचे वडील मांगातूर म्हणाले. "बांबूच्या बनापलीकडे एकच पत्रा दिसतो. बाईचं नाव मात्र विचारू नका. नाव घेतलं की ते येतं."

ते म्हणजे बेगू गांजांग. लांबडं भूत. मान वर करून बघाल तितकं उंच होत जातं आणि मग गळा धरतं. बांबूपलीकडच्या बाईने ते पाळलंय, यावर लुम्बान पिनासा गावाचं एकमत होतं. दुसऱ्या कशावर झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पावसाळ्यात दोन धडधाकट माणसं अचानक दगावली होती. आता मंडळीच्या गुरूंनी सूर्यास्ताआधी जाऊन भूत हाकलावं, नाहीतर पोरं रॉकेल घेऊन निघणार होती. बाई घरात असली तरी.

मारोलोप गुरू या गावात नवे होते. भुताखेतांवर त्यांचा उपदेश उत्तम होत असे. एरवी ते अंधारात परसाकडे जाताना कंदील आणि बायको, दोन्ही नेत. बायको तारुतुंगला माहेरी गेल्यापासून नुसत्या कंदिलावर भागवत होते.

"तुम्ही सगळे बरोबर असालच," गुरू म्हणाले.

"आमचं पाठबळ आहे की, अमांग, गुरुजी. आम्ही इथे देवळात गुडघे टेकून बसतो." एवढं बोलेपर्यंत वडील दाराच्या आत पोचलेसुद्धा.

पायरीवर एक म्हातारी बसली होती. प्रार्थनेला सगळ्यांआधी यायची, शेवटच्या बाकावर बसायची. त्या बाकावर दुसरं कुणी बसत नसे; ती फार मोठ्याने गाते म्हणून, असा गुरूंचा समज. पहिल्या रविवारी तिने आंदालीमानची रानमिरी घातलेला झणझणीत मासा आणला, तेव्हा साऱ्या मंडळीने नम्रपणे पातेलं गुरूंकडेच सरकवलं होतं. इतकं प्रेमळ गाव त्यांनी पाहिलं नव्हतं.

कुठे निघालात, असं तिने विचारलं. गुरूंनी सांगितलं. एकटेच का, यावर त्यांनी देवळाच्या दाराकडे बोट दाखवलं.

"चला, मी येते," ती म्हणाली.

कॉफीच्या मळ्यांवर धुकं उतरलं होतं. वर बघायचं नाही, असं ठरवून गुरू तिच्या निळ्या रबरी चपलांवर नजर ठेवून चालत होते.

"ओपुंग आजी, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. तिन्हीसांजेला पत्र्यावर दगड पडतात. परवा कोंबड्या मारून टाकल्या."

"त्याचंच काम," गुरू पुटपुटले.

"असेल. मग मी मेंढपाळाचं स्तोत्र म्हणते, मोठ्याने. दगड थांबत नाहीत. माझी थरथर थांबते. म्हणा बघू माझ्याबरोबर."

तिने त्यांचा हात धरला. खरबरीत, थंड हात. काळोख्या दरीचं कडवं येईपर्यंत गुरूंचा आवाज तिच्या आवाजाला लागला होता. मग त्यांनी विचारलं, त्या बाईकडे कधी कुणी प्रार्थनेला गेलं नाही का?

"नवरा गेल्यापासून त्या घरात कुणी पाऊल टाकलं नाही. पाळकांनीसुद्धा."

"मग आज मी टाकतो," गुरू म्हणाले, आणि आपण हे बोललो याचं त्यांनाच नवल वाटलं.

अंगणातलं कुत्रं भुंकलं नाही. शेपूट हलवत आलं. स्तोत्राचा गुण, गुरूंनी मनात म्हटलं. दाराला कुलूप होतं. त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. पोचे पडलेला पत्रा, त्यावर अडकलेले दोन-चार दगड, आणि वर राखाडी आभाळ. काहीही उंच होत नव्हतं.

"येशूच्या नावाने सांगतो," त्यांनी खड्या आवाजात म्हटलं, "या घरात जे काही वाईट असेल ते निघून जावो. आणि बाई, तू असशील तिथून समोर ये. मी तुला भीत नाही."

"आमेन," म्हातारी म्हणाली.

मग तिने त्यांचा हात सोडला, कमरेची किल्ली काढली आणि कुलूप उघडलं.

"या आत, अमांग. कॉफी ठेवते. पोरं यायला अजून वेळ आहे."