टॅबमधले पाय

सीवूड्सच्या त्या सोसायटीत भिंतीला खिळा ठोकायचा तरी कमिटीची परवानगी लागते. म्हणून गिरजाबाईंचे यजमान वारले तेव्हा त्यांचा फोटो टॅबवरच लावला गेला, उभा, पायांसकट. गिरजाबाई रोज आंघोळ झाली की काचेवरच्या पायांना हात लावत आणि बोटं कपाळाला टेकवत.

आज तो जुना टॅब एक्सचेंजमध्ये जायचा होता.

"नको रे देऊस," त्या मुलाला म्हणाल्या. "फोटो नव्यात येईल, पण हे येतील का? मी हात लावला की अजून पाय मागं घेतात."

रोहन हसला. बाबा जिवंतपणी तेच करायचे. "आई, ते व्हायब्रेशन. काचेला हात लागला की टॅब थरथरतो, आणि बोटाला वाटतं काहीतरी हललं."

त्याने व्हायब्रेशन बंद केलं. "आता लाव हात."

गिरजाबाईंनी लावला. "घेतले बघ," त्या जरा लाजूनच म्हणाल्या.

मग रोहनने टॅबच बंद केला. काळ्या काचेत त्याचा समजूतदार चेहरा तेवढा उरला. आईची एकदाची खात्री पटावी म्हणून, पाय होते त्या जागी त्याने स्वतःचं बोट टेकवलं.

"काय रे, घेतले ना मागं?"

"नाही," रोहन कसंबसं म्हणाला.

त्याला बोट काढता येत नव्हतं. त्या बोटावर कोणीतरी पाय दिला होता, आणि उंबरा ओलांडताना टाकतात तसा अंगाचा सगळा भार हळूहळू त्या पायावर टाकत होतं.