बादलीतल्या मेणबत्त्या

मेणबत्ती लावून आईने अजून हातही जोडले नव्हते, तोच पिवळ्या जॅकेटवाल्या स्वयंसेवकाने ती उचलून बादलीत टाकली. पाण्यात फस्स झालं.

"अहो! जळत होती ती!"

"सगळ्यांच्याच जळतात, मावशी. स्टँडवर जागा कुठाय? लावली, फोटो काढला, पुढे."

"फोटो कसला काढताय? माझ्या मुलीला ऑपरेशनला आत नेलंय. ती बाहेर येईपर्यंत मेणबत्ती तेवत ठेवायचीय मला."

"मग उद्या या. आज सण आहे."

मरियामातेच्या पुतळ्यापर्यंत मुंगीच्या पावलांनी सरकत यायला तिची आणि नणंदेची अख्खी सकाळ गेली होती. वाटेत जागोजागी पंखे होते, थंड पाणी होतं, पुतळ्याशेजारी सेल्फीसाठी चौथरा होता. सगळ्याची सोय केलेली होती, प्रार्थनेची तेवढी राहून गेली होती. घरून आणलेली जाड मेणबत्ती 'बाहेरची चालत नाही' म्हणून फाटकावरच काढून घेतली होती. इथल्या बोटभर लांबीच्या, त्याही जोडीनेच घ्याव्या लागत. एक बुडाली, एक उरली.

तिने उरलेली पेटवली. स्टँडवर लावली नाही, हातातच धरून उभी राहिली.

"असं चालत नाही, मावशी. इकडे लावा."

"कशाला? तुझ्या बादलीत जायला? स्टँड तुमचा, जागा तुमची. हात माझा आहे. आता विझवून दाखव!"

जॅकेटवाल्याने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

"अहो बाई, आटपा की! आमची बस सुटेल," रांगेतून कुणीतरी ओरडलं. दुसऱ्याने मोबाइल उंच धरून तिचाच फोटो काढला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण वळून चार शब्द सुनावावेत तर ज्योत हलेल, म्हणून ती पंख्याकडे पाठ करून गप्प उभी राहिली.

तिची पर्स सांभाळणाऱ्या नणंदेने फोन कानाला लावला. "वहिनी, दादा आहे हॉस्पिटलमधून. ती अजून आतच आहे म्हणतोय."

"मग मीही इथेच आहे म्हणावं."

मेण बोटांवरून मनगटाकडे ओघळत होतं. स्पीकरवर गोड आवाजात कुणीतरी पुढे सरकण्याची विनंती करत होतं. ज्योत बोटांना टेकायला आली, तसा जॅकेटवाला जरा नरमला. त्याने बादली तिच्यापुढे सरकवली.

"टाका आता, मावशी. हात भाजेल."

आईने दुसरा हात बादलीत घातला. वरचीच एक विझलेली मेणबत्ती काढली, वात बाहीला पुसली आणि हातातल्या ज्योतीला लावली. ओली वात तडतडली, विझल्यासारखी झाली, मग पेटली.

तिने बादलीत पाहिलं. बादली मेणबत्त्यांनी काठोकाठ भरलेली होती.