लॉईडची जांभई

लॉईड हॅन्सर्डने मुद्दाम मोठी जांभई दिली. शेजारी बसलेल्या मॅकर्डीला दिसावी एवढी मोठी.

बेसबॉलच्या मैदानावर वेस्ली क्रॅम चेंडू टाकत होता. टेनेसीच्या डोंगरातला एकोणीस वर्षांचा काटकुळा पोरगा. त्याचा चेंडू बॅटपाशी येता येता असा काही खाली बसे, की बॅट नुसती हवेत फिरे. लॉईडने उभा जन्म पिचर, म्हणजे असे चेंडू टाकणारे, पारखण्यात घालवला होता. असा हात त्याने क्वचितच पाहिला होता. क्लबच्या या खालच्या संघातून कोणाला वर मुख्य संघात न्यायचं, ते सांगायलाच त्याला पाठवलं होतं. वेस्लीचं नाव त्याच्या मनात पहिल्याच इनिंगमध्ये पक्कं झालं.

अडचण मॅकर्डीची होती. तो दुसऱ्या क्लबचा पारखी. त्यांचा एक फलंदाज लॉईडच्या क्लबला हवा होता, आणि बदल्यात कोणता तरुण पिचर मागायचा ते हेरायला मॅकर्डी आला होता. तो मैदानापेक्षा लॉईडच्या तोंडाकडेच जास्त बघत होता. या धंद्यात सगळे तेच करतात. लॉईड नुसता पुढे सरकून बसला असता, तरी वेस्ली परक्यांच्या घरी गेला असता.

"बास झालं बुवा," लॉईड उठला. "यापेक्षा बायकोची बडबड परवडली."

"एवढ्यात? अरे, दुसरी इनिंगच चाललीये."

"तुला आवडला असेल तर घेऊन जा. वर माझ्यातर्फे एक हॉट डॉग."

मॅकर्डी खो खो हसला आणि त्याने वेग मोजायचं यंत्र मांडीवर आडवं टाकलं. काम फत्ते.

पायऱ्या चढताना लॉईडने वळून पाहिलं. वेस्ली चेंडू हातात धरून त्याच्याकडेच बघत होता. आपलं भवितव्य ठरवणारा माणूस कुठे बसलाय, हे प्रत्येक पोराला बरोबर ठाऊक असतं. लॉईडला वाटलं, हळूच डोळा मारावा. पण मॅकर्डीचं लक्ष होतं. उद्या सांगू, त्याने ठरवलं. पोरगा आज रडेल, उद्या नाचेल.

गाडीत बसून, काच खाली करून त्याने क्लबच्या साहेबांना फोन लावला. "क्रॅमला सोडू नका. दुसरा कुठलाही द्या."

आत मैदानावर झेलणाऱ्या कॅचरच्या ग्लोव्हवर वेस्लीचा चेंडू आपटत होता. आवाज वाढतच चालला होता. मघाशी पोरगा एवढ्या जोरात टाकत नव्हता. लॉईड खुशीत ऐकत बसला. आवाज थांबला, तेव्हा इनिंग संपली असं समजून त्याने गाडी सुरू केली.

सकाळी तो गोड बातमी द्यायला गेला, तर वेस्ली उपचारांच्या खोलीत बसलेला. उजवा हात गळ्यात. खांदा आतून फाटला होता. चेंडू टाकणं कायमचं बंद, असं डॉक्टर सांगून गेले होते.

"सर, तुम्ही?" तो उठायला धडपडला.

"बस, बस. हे झालं कसं?"

"तुम्ही उठून गेलात ना," वेस्ली ओशाळून म्हणाला. "म्हटलं, बाहेर आवाज गेला तर परत याल. म्हणून जीव खाऊन टाकले."

आपण तो आवाज ऐकला, आणि वर खूश झालो. स्वतःच्याच थोबाडीत मारावी असं लॉईडला वाटलं.

"सर, एक खरं सांगा. हात धड राहिला असता, तर तुम्ही मला वर नेलं असतं?"

पोराचं तोंड भीतीने एवढंसं झालं होतं. लॉईडने खिडकीकडे पाहिलं.

"नाही रे," तो म्हणाला. "तुझ्यात तेवढं नव्हतं."

वेस्लीने मोठा सुस्कारा सोडला.

"मग बरं झालं, सर. रात्रभर उगाच वाटत होतं, काहीतरी मोठं हातचं गेलं."