लेंग्याचा अभ्रा

बॉनेटमधून डोकं बाहेर काढत मिस्त्री म्हणाला, "काका, डिझेल पोचतंय, पण इंजिनाला हवाच मिळत नाही. म्हणून चढाला गाडीचा दम जातो आणि काळा धूर येतो."

उकिडव्यांनी मान डोलावली. बायको गेल्यापासून ते सगळ्यालाच मान डोलावत होते. तेराव्याला कुणीतरी लाडवांचा आग्रह केला, तेव्हाही डोलावली आणि चार लाडू खाल्ले. मेहुण्यांना ते लाडू अजून पचले नव्हते. डोळ्यांत टिपूस नाही, म्हणजे आपल्यातच काही बिघडलंय की काय, अशी शंका आता उकिडव्यांनाही येऊ लागली होती.

मिस्त्रीने एअर फिल्टर बाहेर काढला आणि हसू दाबलं. फिल्टरला चक्क अभ्रा घातला होता. उकिडव्यांच्या जुन्या लेंग्याचा, नाडीसकट. धुळीने तो काळाठिक्कर पडला होता.

"हे कुणी घातलं?"

"हिने." मिक्सर, रिमोट, गॅसचा सिलिंडर... तिने घरातलं काहीच उघडं सोडलं नव्हतं.

"काढून टाकू ना?"

"तिला न विचारता?"

"मग लावा की काकूंना फोन," मिस्त्री हात पुसत म्हणाला.

उकिडव्यांनी मान डोलावली आणि सवयीने नंबर लावला. त्यांच्याच दुसऱ्या खिशात तिचा फोन वाजू लागला. वाजून वाजून बंद पडला.

"उचलत नाही ती," ते म्हणाले, आणि मग त्यांना रडू आवरेना.